आठशे फेरे

मिहिर बोटीवरून नाहीसा झाला त्याला सदतीस दिवस झाले होते, आणि त्याचे वडील नंदकुमार परब सकाळपासून एका काळ्या डबीसमोर स्टूल टाकून बसले होते.

डबी जेवणाच्या डब्याएवढी. वर काचेचं झाकण, आत मखमलीची छोटी उशी आणि उशीला बांधलेलं मिहिरचं मनगटी घड्याळ. प्लग लावला की उशी हळूहळू गोल फिरायची, थोडा वेळ थांबायची, पुन्हा फिरायची. मिहिर तिला वाइंडर म्हणायचा. घड्याळ ऑटोमॅटिक होतं, म्हणजे त्यात सेल नव्हता. हातात घातलं की हाताच्या हालचालीने आतलं एक अर्धगोल वजन फिरतं आणि त्याने स्प्रिंग भरते. दीड-दोन दिवस कुणी घातलं नाही की ते बंद पडतं. मिहिर सहा-सहा महिने बोटीवर असायचा. डेकवरच्या कामात घड्याळाला ठोकर लागेल म्हणून ते कांदिवलीला घरीच ठेवायचा, आणि त्याच्या मागे ते चालू राहावं म्हणून त्याने ही डबी आणली होती.

भिंतीवर पावणेबारा होऊन गेले होते. डबीतल्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झालेली, आणि सेकंदकाटा जागचा हलत नव्हता. तिसऱ्यांदा बंद पडलं होतं. नंदकुमारनी झाकण उघडलं, घड्याळ कानाशी नेलं, परत ठेवलं. 

आतल्या खोलीतून रत्नप्रभाने विचारलं, चहा टाकू का? त्यांनी घड्याळ पुन्हा कानाशी नेलं. ती दारात येऊन उभी राहिली, नवऱ्याकडे आणि डबीकडे बघितलं आणि परत गेली. पोरगा समुद्रात बेपत्ता आणि हा माणूस घड्याळ काय घेऊन बसलाय, हे तिला कळत नव्हतं. एकदा तिने तसं बोलूनही दाखवलं होतं. नंदकुमारनी तेव्हा विषय बदलला होता, कारण खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

खरं असं होतं.

मिहिर बोटीवर थर्ड ऑफिसर होता, सत्तावीस वर्षांचा. बढती मिळाल्यावर सिंगापूरला त्याने ते घड्याळ घेतलं, स्वतःसाठी घेतलेली पहिली महागडी वस्तू. नंदकुमारना ते तेव्हाच पटलं नव्हतं. बत्तीस वर्षं त्यांनी विजेच्या कंपनीत मीटर तपासण्याचं काम केलं होतं. त्यांचे वडील लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं आयुष्य काढून गेले. घरात वस्तू आली की ती कशाला लागते, हा प्रश्न आधी. घड्याळाला फिरवायला आणखी एक यंत्र, आणि त्या यंत्राला चोवीस तास वीज, हा प्रकार त्यांच्या डोक्यात बसेना. मिहिर गेल्यावर एक दिवस इस्त्रीला जागा हवी म्हणून त्यांनी डबीचा प्लग काढला आणि मग विसरले. दोन दिवसांनी परत लावला तेव्हा डबीवरचे छोटे दिवे भलतेच लागले होते. मिहिरने लावून ठेवलेलं सेटिंग पुसलं गेलं होतं आणि घड्याळ बंद पडलं होतं.

मिहिरचा फोन आला तेव्हा बोट पॅसिफिकच्या मध्यावर होती. इथे सकाळचे साडेनऊ वाजले होते. नंदकुमारनी घड्याळाचं सांगितलं, आणि सांगता सांगता टोमणा मारला की घड्याळ हातात घालायचं असतं, पाळण्यात घालून झुलवायचं नसतं. मिहिर म्हणाला, बाबा, मी सेटिंग नीट लावून गेलो होतो, तुम्ही हात का लावलात. त्यावरून शब्द वाढले. तुम्हाला माझं कधी काही पटलंय का, असं तो म्हणाला. नाहीच पटत, असं हे म्हणाले, आणि त्यांनी फोन बंद केला.

रत्नप्रभा तेव्हा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येत होती. बोटीवरून फोन आला की आधी बाबा आणि मग आई, अशी त्यांची रीत. तिने हात पुढे केला.

"रेंज गेली," नंदकुमार म्हणाले.

त्याच दिवशी मिहिर नाहीसा झाला.

बोटीवरच्या रात्रपाळीला तो आला नाही तेव्हा शोधाशोध झाली. केबिन रिकामी होती. बोट मागे फिरवली, आजूबाजूच्या दोन बोटी आल्या, विमान आलं. चौथ्या दिवशी शोध थांबवला. कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसमधून एक सभ्य बोलणारा माणूस रोज फोन करायचा, मग दोन दिवसांनी करायला लागला, मग आठवड्याने. नंतर कंपनीची ईमेल आली. चौकशीसाठी काही प्रश्न होते. कुटुंबाशी शेवटचं बोलणं कधी झालं, कशाबद्दल झालं. तो कुठल्या मानसिक ताणात होता का. घरात काही वाद होता का.

तो शेवटचा प्रश्न नंदकुमारनी किती वेळा वाचला याला गणती नाही. त्यांना काय विचारत आहेत ते नीट समजलं होतं. पोरगा पडला की त्याने उडी मारली, एवढंच विचारत होते. त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं: बोलणं नेहमीसारखं झालं, वाद नव्हता. आणि पाठवून दिलं.

तेव्हापासून त्यांना जेवण गिळवत नव्हतं. बायकोशी खोटं बोललो, कंपनीला खोटं लिहिलं, आणि पोरगा... पुढचा विचार ते पुरा करत नसत. त्या विचाराच्या तोंडावर आलं की उठायचे आणि डबीसमोर जाऊन बसायचे. मिहिरने लावलेलं सेटिंग परत लागलं पाहिजे. घड्याळ चालू झालं पाहिजे आणि चालू राहिलं पाहिजे. त्याने काय होईल हे त्यांनी स्वतःशीही कधी उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर त्यांना स्वतःचीच लाज वाटली असती.

डबीवर दोन बटणं होती. एकाने दिशा ठरायची: सरळ, उलट, किंवा आलटूनपालटून. दुसऱ्याने दिवसाचे फेरे: साडेसहाशे, आठशे, हजार, पंधराशे. म्हणजे बारा शक्यता. माहितीपत्रक सापडेना. आधी त्यांनी आलटूनपालटून आणि साडेसहाशे लावून बघितलं. घड्याळ हलवून सुरू केलं, आत ठेवलं आणि दर दोन तासांनी उठून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी बंद पडलं. मग आलटूनपालटून आठशे. ते चौथ्या दिवशी बंद पडलं. वेळा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक लिहीत होते, जसे कामावर असताना मीटरचे आकडे लिहायचे.

मग त्यांच्यातला जुना तंत्रज्ञ जागा झाला. घड्याळाच्या पाठीला काच होती, त्यातून ते अर्धगोल वजन दिसायचं. त्यांनी घड्याळ हातात धरून हळूहळू फिरवलं आणि भिंग लावून बघत राहिले. वजन एका दिशेने फिरताना जड जात होतं, दुसऱ्या दिशेने भिरभिरत मोकळं सुटत होतं. म्हणजे स्प्रिंग एकाच दिशेने भरते. आलटूनपालटून फिरवलं की अर्धे फेरे फुकट. एवढं कळल्यावर त्यांना महिन्याभरात पहिल्यांदा जरा भूक लागली. मागून बघितलं की भरण्याची दिशा सरळ दिसत होती. पण मागून बघितलेलं पुढून उलटं असणार, असा विचार करून त्यांनी डबी उलट दिशेवर लावली, आणि कमी पडायला नको म्हणून फेरे सगळ्यात जास्त, पंधराशे.

घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. तेच ते अकरा वाजून पाच मिनिटांनी थांबलेलं. एवढे फेरे खाऊनही त्याच्यात काडीचा जीव आला नव्हता. आता दिशेचं बटण दाबून सरळवर आणायचं, एवढंच बाकी होतं, पण नंदकुमारचा हात पुढे होईना. आपण ज्याला हात लावतो ते बिघडतं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

घड्याळाच्या खोक्यात एक कार्ड होतं. घाटकोपरच्या एका घड्याळवाल्याचं, चंद्रप्रकाश नाव. पट्टा लहान करून घ्यायला मिहिर तिथे गेला होता, हे त्यांना आठवत होतं. त्यांनी घड्याळ रुमालात गुंडाळलं, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि रत्नप्रभाला सांगितलं की घाटकोपरला जाऊन येतो. कशाला, असं तिने विचारलं नाही.

आकुर्लीला मेट्रोत बसून, पुढे बदलून, ते घाटकोपरला उतरले तेव्हा दोन वाजायला आले होते. स्टेशनच्या पश्चिमेला दोन दुकानांमध्ये कोंबलेली ती टपरीवजा जागा होती. आत साठीचे एक गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसले होते. नंदकुमारनी रुमाल उघडला.

चंद्रप्रकाशनी घड्याळ उचललं, पाठ बघितली आणि भिंग न काढताच म्हणाले, "हे माझ्याकडे येऊन गेलंय. उंच मुलगा, चष्मेवाला. बोटीवर असतो."

 नंदकुमारनी काउंटरची कड धरली.

"मुलगा माझा," ते म्हणाले. मग, विचारायचं होतं तेच विचारलं. वाइंडरवर काय लावायचं?

चंद्रप्रकाश हसले. पोरानेही हेच विचारलं होतं, म्हणाले. दिवसभर पट्टे आणि सेल बदलणाऱ्या माणसाला असा प्रश्न क्वचित भेटतो, म्हणून लक्षात राहिला. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. सरळ दिशा आणि आठशे फेरे. त्याच्या खाली हे घड्याळ हळूहळू उतरत जातं आणि वर गरज नाही, उगाच झीज. नंदकुमारनी आपण कसा हिशेब केला होता ते सांगितलं, मागून बघितलेलं पुढून उलटं वगैरे. चंद्रप्रकाशनी मान हलवली. तिथवर तुमचं बरोबर, ते म्हणाले, पण एक गोष्ट राहिली. वाइंडरमध्ये वजन फिरत नाही, ते खालीच लोंबकळतं. फिरतं घड्याळ, वजनाभोवती. म्हणून दिशा आणखी एकदा उलटते, आणि दोनदा उलटलेलं परत सरळ होतं.

दुसरी चूक त्याहून साधी होती. रिकामं घड्याळ नुसतं हलवून डबीत ठेवलं होतं. वाइंडर भरलेलं टिकवून धरतो, रिकामं भरून काढत नाही. आधी चावीने तीस वेढे द्यायचे आणि मगच आत ठेवायचं. चंद्रप्रकाशनी तिथेच चावी धरून वेढे द्यायला सुरुवात केली. नंदकुमार मनात मोजत होते.

"तुमचा मुलगा म्हणाला होता, वाइंडरचं मला टेन्शन नाही," चंद्रप्रकाश वेढे देता देता बोलले. "घरी बाबा आहेत, म्हणाला. मीटरवाले. सेटिंग हललं तरी ते बरोबर शोधून काढतील."

नंदकुमार मोजताना थांबले. आकडा चुकला. अठरा झाले की एकोणीस, ते त्यांना कळेना.

"आता कुठे असतो?"

"बोटीवर," नंदकुमार म्हणाले.

घड्याळ सुरू झालं होतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं, पैसे विचारले. चंद्रप्रकाशनी हाताने नको म्हटलं. बाहेर आल्यावर रिक्षांच्या गर्दीत ते एका बंद शटरच्या पायरीवर बसले. एका बाईने विचारलं, काका, पाणी पाहिजे का. त्यांनी मान हलवली, हो की नाही हे तिला कळलं नसावं, पण तिने बाटली दिली.

घरी येऊन त्यांनी सरळ, आठशे लावलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी ते दुपारभर स्टुलावरून उठले नाहीत. चौथा गेला. सहाव्या दिवशी त्यांनी ते मोबाइलच्या वेळेशी ताडून बघितलं, जेमतेम मिनिटाचा फरक होता. घड्याळ चालत होतं, तारीख बरोबर बदलत होती. नवव्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कॅलेंडरवर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि काहीही झालं नव्हतं. फोन वाजला नव्हता. कुठल्या बेटावरून, कुठल्या मासेमारी बोटीवरून काही खबर आली नव्हती. इतके दिवस ते बटणं आणि फेरे यांच्यामागे धावत होते तेव्हा निदान धावत होते. आता सगळं बरोबर लागलं होतं आणि त्यांना कुठे जायला जागा राहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तो विचार शेवटपर्यंत केला. माझ्या पोराने माझ्या बोलण्यावरून उडी मारली असेल. ते खुर्चीत बसले होते, समोर ताट होतं, आणि रत्नप्रभा म्हणत होती की दोन घास तरी खा.

बाळा तारी आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. तो मिहिरच्या बोटीवर खलाशी होता, देवगडकडचा, तिशीचा, रुंद खांद्यांचा. त्याचा करार संपून तो परवाच मुंबईत उतरला होता आणि गावी जायच्या आधी इथे आला होता. त्याने मिहिरची बॅग आणली होती. दारातच त्याने रत्नप्रभाच्या पायांना हात लावला आणि मग त्याला उठता येईना. तीच खाली बसली त्याच्याजवळ.

चहा झाला. बॅग मधोमध जमिनीवर होती, तिला कुणी हात लावला नव्हता. बाळा थोडा मालवणी, थोडा शहरी असं अडखळत बोलत होता. नंदकुमार बॅगेच्या चेनकडे बघत होते. रत्नप्रभानेच विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सगळं सांग.

बाळाने सांगितलं. बोटीच्या घड्याळात दुपारचे तीन वाजले होते तेव्हा मिहिर फोनवरून आला. साडेतीनला चहाला दोघं एकत्र बसले. लाट मोठी होती, पण काम थांबावं इतकी नव्हती. मग मिहिर मागच्या डेकवर गेला. बुडणाऱ्याला फेकायची तरंगती कडी, लाइफबोटी, त्यांचे दिवे, हे सगळं थर्ड ऑफिसरच्या अंगावर असतं, ते तपासायचं होतं. पाच वाजेपर्यंत कुणीतरी त्याला तिथे बघितलं होतं. आठला पाळीवर तो आला नाही.

"चहाला बसलात," नंदकुमार म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "तेव्हा काही बोलला का? फोनचं?"

बाळाने आठवून बघितलं.

"फोनाचा तो कायच बोललो नाय, काका. क्रिकेटचा बोलत होतो आमी. तेका माज्या टीमची चेष्टा करूची होती."

"रागावलेला होता?"

"नाय." बाळाला तो प्रश्न नीट समजला नव्हता, आणि मग समजला. त्याने पेला खाली ठेवला. आता तो शहरी बोलला, प्रत्येक शब्द जपून. "काका, मी स्वतः जाऊन बघितलंय. रेलिंगजवळच्या एका तरंगत्या कड्याचा दिवा अर्धा सोडवलेला होता. एक स्क्रू काढलेला, दुसरा अर्धा. स्क्रूड्रायव्हर तिथेच पडला होता, आणि काढलेला स्क्रू त्याने टोपीत ठेवला होता, हरवू नये म्हणून. टोपी खांबाच्या मागे अडकवलेली होती. काम अर्धं टाकून जाणारा माणूस स्क्रू सांभाळून ठेवत नाही. मी चौकशीत हे सगळं सांगितलंय. लाट आली, काका. दुसरं काही नाही."

नंदकुमार उठले, गॅलरीत गेले आणि दांडीवरचा टॉवेल तोंडात कोंबून रडले. खालच्या मैदानात शाळेची पोरं कवायत करत होती.

बाळा निघाला तेव्हा रत्नप्रभाने त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला. मग ती बॅगेजवळ बसली आणि तिने चेन उघडली. एकेक कपडा बाहेर काढून मांडीवर घडी घालू लागली. नंदकुमार समोरच्या खुर्चीत बसले होते. छातीवरचा सगळ्यात मोठा दगड उतरला होता, आणि त्याच्याखाली दुसरा होता तो आता दिसत होता. पोराने माझ्यामुळे जीव दिला नाही. बरं. पण त्याच्या आईचं काय?

"त्या दिवशी रेंज गेली नसती," रत्नप्रभा एक बनियन सरळ करत म्हणाली, "तर माझ्याशी पण बोलला असता."

नंदकुमारना वाटलं, आता गप्प बसलो तर मरेपर्यंत गप्प बसावं लागेल.

"रेंज गेली नव्हती. मी फोन बंद केला."

तिचे हात थांबले. त्यांनी सगळं सांगितलं. इस्त्री, प्लग, टोमणा, भांडण. कंपनीला काय लिहिलं तेही.  त्यांचं संपल्यावर तिने बनियनची घडी पूर्ण केली, बाकीच्या कपड्यांवर ठेवली, उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. आतून कसलाही आवाज येत नव्हता. भांड्याचा नाही, नळाचा नाही. नंदकुमार दाराबाहेर उभे राहिले. त्यांनी दार वाजवलं नाही. आपल्याला तो हक्क नाही, हे त्यांना समजत होतं. तासभर गेला असेल, जास्तही असेल.

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा असा, की पस्तीस वर्षांत त्यांनी तो पाहिला नव्हता. ती येऊन त्यांच्यासमोर बसली.

"तो काय काय बोलला ते सांगा. पहिल्यापासून. गाळू नका."

त्यांनी सांगितलं.

"हॅलो म्हणाला की आधी बाबा म्हणाला?"

बाबा म्हणाला.

"परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. आपलं बोलणंही सांगितलं, जसंच्या तसं, आणि सांगताना मान वर केली नाही. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी शेवटाशी आल्यावर ते थांबले.

"पुढे?" ती म्हणाली.

"नाहीच पटत, असं मी म्हणालो. मग तो म्हणाला..." त्यांनी बॅगेच्या पट्ट्याकडे बघितलं. "आईला द्या, म्हणाला. तेव्हा मी बंद केला."

रत्नप्रभाने पदर तोंडाशी नेला.  नंदकुमारना वाटलं आता ती ओरडेल, मारेल, घर सोडून निघून जाईल, आणि यातलं काहीही तिने केलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"कसं म्हणाला?" तिने शेवटी विचारलं.

"हळू. रागात नव्हे. नाक चोंदलं होतं त्याचं. सर्दी झाली असावी."

"सर्दी," ती म्हणाली. "मला सांगितलं असतं तर मी सुंठ घ्यायला सांगितलं असतं. होती त्याच्या बॅगेत, मी बांधून दिली होती." मग ती बॅगेकडून त्यांच्याकडे वळली. "कंपनीला खोटं लिहिलंत ते बदला. आत्ता."

त्यांनी लॅपटॉप आणला. ती त्यांच्या शेजारी बसली, पण अंतर ठेवून. त्यांनी दोन बोटांनी लिहायला सुरुवात केली: मागच्या उत्तरात मी खरं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आमचा वाद झाला होता, एका घड्याळावरून, आणि चूक माझी होती. त्याने आईशी बोलायला मागितलं होतं. ती स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं उमटताना बघत होती, आणि प्रत्येक वाक्य झालं की याचा अर्थ काय ते विचारत होती.

"सर्दीचंही लिहा," ती म्हणाली.

"ते कशाला? त्यांना त्याचं काय..."

"लिहा."

नंदकुमारनी चष्मा पुसला आणि लिहिलं.